अंतिम मालकांना अमळनेरहून खुलं पत्र

प्रति,
मा. अंतिम लाभार्थी मालक,
मार्फत एक फंड, त्यामागचा ट्रस्ट, त्याच्याही मागची कंपनी,
मुक्काम पोर्ट लुईस (मॉरिशस) किंवा केमन बेटं.



आपलं नाव ठाऊक नसल्याने मायना असा लिहावा लागला, राग नसावा. अदानी प्रकरणात समूहाचे शेअर घेणाऱ्या 13 परदेशी संस्थांमागे खरा पैसा कुणाचा, हे शोधताना शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या हाती काही लागलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सप्रे समितीने 2023 मध्ये लिहून ठेवलंय. तिथे अमळनेरच्या पोस्टमनची काय कथा!

आमचं मात्र सगळं उघड. 1945 साली प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाची कंपनी काढली आणि शंभराचे शेअर गावात खपले. तिचीच पुढे विप्रो झाली, बोनसवर बोनस मिळाले. कुणाच्या घरात किती शेअर, हे सेबीच्या आधी गल्लीला ठाऊक. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे तर शेतीच्या आधी तेच विचारतात.

माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. आजोबांचे थोडे शेअर त्याच्या नावावर आहेत. परदेशी गेला म्हणून डीमॅट अनिवासींचं, म्हणजे एनआरओ, करून घ्या. पुन्हा केवायसी. मग फॅटका या अमेरिकी करकायद्याचा फॉर्म: जन्म कुठला, कर कुठे भरता, तिथला नंबर काय? अमेरिकेचं आणखी वेगळं. बाहेरच्या देशातल्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, की तिकडेही कळवा. धुळ्याचे आमचे सीए आता त्याचा फोन आला की आधी पाणी पितात.

तुमचं बरंय. फंडात दहा टक्क्यांच्या वर कुणाचाच हिस्सा नसेल आणि ताबाही कुणाचा दिसत नसेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्यालाच मालक समजावं, असा नियमच आहे. ही सोय आमच्या सातबाऱ्याला का नाही? मालक सापडेना, तर तलाठ्याचं नाव लावून मोकळे!

ऑगस्ट 2023 मध्ये सेबीने जरा आवाज चढवला. परदेशी फंडाचा भारतातला निम्म्याहून जास्त पैसा एकाच उद्योगसमूहात असेल, किंवा भारतात एकूण 25,000 कोटींच्या वर गुंतवले असतील, तर शेवटच्या माणसापर्यंत नावं द्या. सरकारी फंड वगैरेंना सूट होतीच. 2025 मध्ये ती 25,000 कोटींची मर्यादा थेट 50,000 कोटी झाली. कारण काय, तर बाजारातली उलाढाल वाढली. म्हणजे चार समूहांत पैसा वाटून 49,000 कोटींवर थांबलात, तर या जाचातून सुटलात.

आपल्यासारख्यांसाठी मर्यादा दुप्पट होते, तेव्हा आपला शब्द वर पोचत असणार. माझ्या पोरासाठीही तेवढी रदबदली करा. त्याचे शेअर 50,000 कोटींचे होईपर्यंत त्यालाही कुणी जन्मगाव विचारू नये.

आपला,
विप्रोचा एक किरकोळ भागधारक,
अमळनेर, जिल्हा जळगाव