कुणीही काहीही आवरू नये

घरच्या घरी स्टॉप मोशन व्हिडिओ करायला काय काय लागतं, हे सांगणारे व्हिडिओ पैशाला पासरी मिळतात. स्मार्टफोन, तो हलणार नाही असा स्टँड, टेबल, दिवा आणि चिकाटी. यातलं बरंचसं आमच्या घरात होतं. नव्हती ती फक्त यादीत कुणीच न लिहिलेली एक गोष्ट: चार दिवस जिच्यावरून फडकं फिरणार नाही अशी दोन फूट जागा.

आमच्या घरात वस्तू आपोआप हलतात. रात्री टेबलावर ठेवलेला चष्मा सकाळी देवघराच्या खणात सापडतो आणि खणातली पावती फ्रीजवर जाते. सासूबाईंच्या राज्यात 'पडलेली वस्तू' असा प्रकारच नाही. वस्तू एक तर जागेवर असते, नाही तर जागेवर जायला निघालेली असते. तसं पाहिलं तर स्टॉप मोशनचंही तंत्र हेच. वस्तू जराशी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटो. अट एवढीच, की सरकवणारा आणि फोटो काढणारा यांचं आपसात बोलणं झालेलं असावं.

कल्पना लेकीची. मे महिन्याची सुट्टी होती आणि उन्हाळी शिबिरांच्या फिया ऐकून मी नुकतीच खाली बसले होते, त्यामुळे फुकटातल्या कुठल्याही छंदाला माझा होकार होता. कलाकार माळ्यावर तयारच होते. बुटांच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे. सोबत सिंहासनावरचे महाराज, दोन तोफा, एक गवळण, एक वाघ आणि त्या वाघापेक्षा मोठी एक कोंबडी. (किल्ल्यावर प्रमाणबद्धतेचा आग्रह कुणी धरू नये. धरला की दिवाळी संपते.) पाच लिटरच्या कुकरवर तपकिरी ब्लाऊजपीस टाकलं आणि गड उभा राहिला. कथा अशी: मावळे रात्री दबा धरत गड चढतात.

आता हिशोब. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी जातात. ॲनिमेशनवाले बरेचदा एकच चौकट दोनदा दाखवून १२ वर भागवतात. म्हणजे दहा सेकंदांच्या चढाईला १२० फोटो. लेकीने हा गुणाकार न सांगता, तोंडी आणि हसतमुखाने केला. पाढ्यांसाठी मी आजवर जो घसा कोरडा केला तो आठवून मला भरून आलं.

किल्ल्यावरचा मावळा साच्यातून निघतो. त्याचा हात, हातातली तलवार आणि कमरेची ढाल हे सगळं एकसंध. गुडघा नावाचा अवयव त्याला दिलेलाच नाही. त्यामुळे आमचे वीर गड चढले नाहीत, ते गडावर घसरत वर गेले. शिवाय दर फोटोला त्यांना चिमटीत धरायचं म्हटल्यावर रंग उडायला लागला. पायथ्याशी झुपकेदार मिशांचा असलेला गडी माथ्यावर पोचला तो सफाचट दाढीमिशीचा. याचं मला वाईट वाटलं नाही, कारण १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये त्या अवाढव्य वानराच्या अंगावरची लव सारखी वळवळताना दिसते, ती बाहुला हलवणाऱ्यांच्या बोटांमुळेच. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या माकडाचं जे झालं ते मावळ्याचं झालं तर बिघडलं कुठे?

खरी डोकेदुखी फोनची. हल्लीचे फोन फार समजूतदार असतात. जरा सावली पडली की त्याला वाटतं, अंधारलं बिचाऱ्यांना, आणि तो चित्र उजळ करतो. मी मागे सरकले की पुन्हा काळोख. मी आकाशी गाऊन घालून जवळ आले की मावळ्यांचे चेहरे पिवळे पडतात. असे फोटो एकापाठोपाठ एक लावले की गडावर नवरात्रातल्या मंडपासारखी रोषणाई लपलपते. यावरचा उपाय म्हणजे पडद्यावर बोट दाबून धरायचं आणि प्रकाश नि फोकस दोन्हीला कुलूप घालायचं. सूर्याला कुलूप नसतं, म्हणून खिडकीचे पडदे ओढायचे आणि एकच दिवा लावायचा. बटण दाबताना फोन हलतो, त्यासाठी ड्रॉवरमधला गुंता सोडवून वायरवाले जुने इअरफोन काढले. त्यांचं आवाज वाढवायचं बटण दाबलं की फोटो निघतो. ज्या इअरफोनांतून वर्षभर गाणं ऐकू आलं नव्हतं, ते असे कामी आले. मधेच फोन वाजला की थरथरून स्टँडवरून सरकतो, म्हणून तो विमान मोडमध्ये. या काळात मला फोन न लागल्याने माझ्या नणंदेने जो निष्कर्ष काढला त्याच्याशी या लेखाचा संबंध नाही.

एवढा बंदोबस्त करून आम्ही जेवायला उठलो आणि कामाच्या मावशी आल्या. त्यांनी टेबल पुसलं. मावळे उचलले, पुसले आणि परत ठेवले, आमच्यापेक्षा कितीतरी नीट, उंचीप्रमाणे एका रांगेत. ॲपमध्ये आधीचा फोटो पडद्यावर पुसटसा दिसत राहतो, त्याच्यावर जुळवून आम्ही एकेका गड्याला जागेवर आणलं. पण लेकीने मधला एक फोटो काढून ठेवलाच. त्यामुळे आमच्या फिल्ममध्ये गनिमी काव्याने चढणारे मावळे अचानक कवायतीला उभे राहतात आणि पुन्हा घसरायला लागतात. पाहुणे तिथे हमखास हसतात. मावशींनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, "तेवढंच बरं दिसतंय."

त्या दिवसापासून दादासाहेब फाळक्यांविषयीचा माझा आदर वेगळ्याच कारणाने वाढला आहे. १९१२ साली विलायतेतून कॅमेरा आल्यावर फाळक्यांनी सिनेमाला भांडवल मिळावं म्हणून आधी एक नमुना केला. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर भराभर वाढणारं रोप दाखवलं. 'अंकुराची वाढ' ती हीच. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला आणि सगळे त्याचंच कौतुक करतात. १९१५ च्या सुमाराला त्यांनी काडेपेटीतल्या काड्या नाचवून 'आगकाड्यांची मौज'ही केली. माझा प्रश्न साधा आहे. मुलाबाळांच्या घरात, महिनाभर, त्या कुंडीला कुणी हात कसा लावला नाही? कुणी ती उन्हात सरकवली नाही? शेंगा धरल्यात का म्हणून चाचपून पाहिलं नाही? आगकाड्यांचं तर सोडूनच द्या. आमच्याकडे काडेपेटी दिवेलागणीपर्यंत एका जागी राहिली तर तो सण असतो. सरस्वतीबाई फाळक्यांनी फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, हे लिहिलेलं आहे. घर आवरण्याची ऊर्मी त्यांनी कशी आवरली, हे कुठेतरी लिहायला हवं होतं.

मावळ्यांना गुडघे नाहीत म्हटल्यावर लेकीने जिवंत माणसांकडे मोर्चा वळवला. कॅनडात काम करणाऱ्या नॉर्मन मॅकलॅरनने १९५२ साली 'नेबर्स' नावाची फिल्म केली होती, तिला ऑस्करही मिळालं. एका फुलावरून दोन शेजारी भांडतात, एवढीच गोष्ट. त्यात माणसं जमिनीला पाय न लावता हवेतून तरंगत जातात. युक्ती अशी की नटाने उडी मारायची, तो सगळ्यात वर असताना चित्र घ्यायचं, मग पाऊलभर पुढे सरकून पुन्हा उडी. आमच्याकडे नट म्हणजे माझा नवरा. त्याने हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारल्या. पडद्यावर तो जेमतेम दोन सेकंद एखाद्या सिद्धपुरुषासारखा तरंगतो. प्रत्यक्षात तिसऱ्या उडीनंतर त्याची कंबर आणि शेवटच्या उडीनंतर खालच्या मजल्यावरचे काका, दोघंही वर आले. काकांना मी 'नेबर्स'ची गोष्ट सांगायला गेले. फुलापर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

मधे एकदा लेकीने स्टारेविचबद्दल वाचलं. हा गृहस्थ लिथुआनियात होता. त्याला भुंग्यांच्या लढाईचं चित्रण करायचं होतं, पण दिवे लावले की भुंगे लढेनात. तेव्हा त्याने मेलेल्या भुंग्यांना तारेचे पाय मेणाने चिकटवले आणि हवं तसं लढवलं. हे वाचल्यानंतर आमच्या फ्रीजमध्ये एक काडेपेटी आढळली. ती कुणी उघडली आणि आत काय होतं, हे मी लिहिणार नाही. त्या दुपारी सासूबाईंनी या प्रकरणात पहिल्यांदा जातीने लक्ष घातलं.

त्यांनी आधी फिल्म पाहायला मागितली. पाहिली. म्हणाल्या, "हा तिसरा मावळा मधेच गचका खातोय." खरंच खात होता. मग त्यांनी डब्यातून तांदळाचे चार दाणे आणले. मावळ्यापुढे एक दाणा ठेवायचा, मावळा दाण्याएवढाच पुढे घ्यायचा, दाणा उचलायचा, फोटो. "आणि निघताना अर्धाच दाणा गं. मग एक, मग दोन. थांबायच्या आधी परत एक, अर्धा. कोणी एकदम धावत सुटतं का, आणि एकदम थांबतं का?" डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली एका जाडजूड पुस्तकात ॲनिमेशनची १२ तत्त्वं मांडली आहेत. त्यातलं एक नेमकं हेच. सासूबाईंनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. त्यांनी एका चातुर्मासात लक्ष वाती वळल्या आहेत, एवढंच.

लक्ष वातींचा हिशोब मी नंतर निवांत केला. एक लाख फोटो, सेकंदाला १२ प्रमाणे, म्हणजे दोन तास एकोणीस मिनिटं. मध्यंतरासकट चालेल असा पूर्ण लांबीचा चित्रपट या बाईने मांडीवर वळून संपवला होता आणि कुणी श्रेयनामावली दाखवली नव्हती. निक पार्कने 'अ ग्रँड डे आउट' ही तेवीस मिनिटांची क्लेची फिल्म १९८२ ला विद्यार्थी असताना हाती घेतली आणि ती लोकांपुढे आली १९८९ ला. हे ऐकून माझा नवरा म्हणाला, "सात वर्षं? काय चिकाटी!" सासूबाई म्हणाल्या, "मधे सोडून दिलं असेल त्याने."

त्यानंतर घरातले कायदे बदलले. जेवणाच्या टेबलावर कुकरगड आणि आम्ही चौघं खाली सतरंजीवर. जवळून जाताना पंखा लावायचा नाही, खुर्ची ओढायची नाही, जोरात शिंकायचं नाही. ज्या बाईंनी चाळीस वर्षं घरातल्या प्रत्येकाला 'उचला ते' म्हणून उठवलं, त्या आता 'हात लावशील तर बघ' म्हणून बसवत होत्या. मावशींना तर दारातूनच सांगितलं गेलं, "हॉल नको आज." मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की सासूबाईंना कुठल्या डॉक्टरकडे नेणार, एवढंच विचारायचं बाकी होतं.

सध्या गणपतीची फिल्म चालू आहे. पेस या नावाने काम करणाऱ्या अमेरिकन दिग्दर्शकाची 'फ्रेश ग्वाकामोली' लेकीने आजीला दाखवली. त्यात हातबॉम्ब चिरून चटणी करतात, पुऱ्या दोन मिनिटांचीही नाही, पण तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. सासूबाईंचा अभिप्राय: "फोडणी नाही घातली." आणि मोदकाचं ठरलं. उकडीचा गोळा आपोआप पारी होतो, सारण चालत येऊन आत बसतं, एकेक कळी आपली आपण वर येते. कागदावर फारच सुरेख. प्रत्यक्षात दिव्याखाली उकड सुकते, कळ्यांना भेगा जातात आणि दर थोड्या फोटोंनी तोच मोदक नव्याने, तितक्याच कळ्यांचा, तेवढ्याच उंचीचा वळावा लागतो. ते सासूबाईंना सहज जमतं. बदललेले मोदक मात्र ताटात साठत गेले आणि लेकीने धर्मसंकट उभं केलं.

"आजी, ज्या मोदकाने काम केलंय तो नैवेद्याला चालतो?"

सासूबाईंनी दाणा खाली ठेवला. विचार केला.

"उष्टा नाही, म्हणजे चालायला हरकत नाही. पण सकाळपासून दिव्याखाली बसलेला देवाला कशाला? तो तुझ्या बाबाला दे. आणि त्याला म्हणावं, उचलायच्या आधी विचार. मगाशी हिरोच खाल्लान."