तात्या गाडी बघतात

उसाचं बिल खात्यावर पडलं की उजनीच्या काठानं दोन गोष्टी घडतात. बायका टेंभुर्णीच्या सराफाचा विषय काढतात आणि तात्यांचा फोन लागेनासा होतो. गावातल्या निम्म्या लोकांना त्याच आठवड्यात जुनी गाडी घ्यायची असते, आणि तात्यांना न दाखवता गाडी घेणं म्हणजे चौकशी न करता पोरगी देणं.

तात्या मेकॅनिक नाहीत, दलाल तर नाहीतच. पाण्याकडेला त्यांची दोन एकर केळी आहे. चारचाकी त्यांना चालवता येत नाही. एकदा शिकायला बसले होते. शिकवणारा पुतण्या त्या दिवसापासून त्यांच्याकडं जेवायला येत नाही. तरी वाहन बघायला जायचं तर पुढच्या सीटवर तात्याच, आणि खिडकीची काच खाली. वाऱ्यावरून त्यांना वास येतो म्हणे. कशाचा, ते सांगत नाहीत.

त्यांची पारख बैलबाजारातली आहे. वडील लोकांना सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात बैल निवडून द्यायचे. दात बघ, खूर बघ, खांद्यावरून हात फिरव, चार पावलं चालवून बघ. तात्यांनी ते सगळं गाडीला लावलं. पॉलिश मारलेली गाडी दिसली की म्हणतात, "शिंगं साळून हिंगूळ लावलाय. आता दात बघू." दात म्हणजे टायर. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात : ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे, पण उकिडवे बसून, चष्मा कपाळावर ढकलून ते आकडे वाचतात आणि मग मीटरकडं बघतात. "रनिंग तीस हजार? अन् चारी टायर बदललेले? तीस हजारांत खूर झिजलं व्हय पाव्हणं?" पाव्हणे तेव्हा आकाशाकडं बघायला लागतात.

मागच्या हंगामात मला गाडी घ्यायची होती, तेव्हा हा सोहळा जवळून बघितला. गाडी पाण्यापलीकडं, इंदापूरच्या बाजूला. रात्री पलीकडच्या वस्त्यांचे दिवे आमच्या अंगणातून दिसतात, पण रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा घालून अर्धा दिवस मोडतो. आदल्या संध्याकाळी तात्यांनी मालकाला फोन केला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "सकाळी आम्ही येस्तवर गाडीला हात लावायचा नाय. पुसायची बी नाय."

गेल्या गेल्या त्यांनी तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा बॉनेटला तळहात लावला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "कोमट हाय." मालकानं पहाटे उठून गाडी सुरू करून ठेवली होती. गार इंजिन खोटं बोलत नाही, तापलेलं बोलतं, हा तात्यांचा पहिला नियम. गार असताना सेल मारला की एका दमात उठते का, धूर निघतो तो पांढरा की निळा की काळा, खडखडाट किती वेळ राहतो, सगळं कळतं. एकदा तापली की म्हातारी गाडीसुद्धा शहाण्यासारखी वागते. "हरकत नाय," तात्या ओट्यावर टेकले, "थांबू की. गार हुईल." आम्ही सव्वादोन तास थांबलो.

या सव्वादोन तासांत चहा तीनदा आला. तात्यांनी एकदाही घेतला नाही. सौदा होईपर्यंत समोरच्याचा चहा घ्यायचा नाही. चहानं तोंड बांधलं जातं. माझा घेऊन झाला होता, म्हणून बोलायचं काम आपोआपच त्यांच्याकडं गेलं.

मालक म्हणत होता, "डॉक्टरची गाडी हाय तात्या. सिंगल ओनर. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना." जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टर फार. आमच्या भागात एवढे डॉक्टर असते तर लोक औषधपाण्याला सोलापूर-पुण्याला कशाला गेले असते? तात्या मान डोलावत होते. गाडी गार झाल्यावर उठले आणि खिशातून रुमाल काढला. त्यात जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बांधलेलं असतं. ते पत्र्यावरून फिरवतात. जिथं धरत नाही तिथं लांबी भरलेली. डाव्या दरवाज्यावर रुमाल घसरून खाली पडला. तात्या काही बोलले नाहीत, फक्त रुमाल झटकला. ऑइलचं झाकण उघडून उलटं करून बघितलं. खाली ताकासारखा पांढरा साका असला तर तेलात पाणी शिरलंय असं ते धरून चालतात. तो नव्हता. मग सीटबेल्ट पार शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढला आणि मालकाला विचारलं, "२०१९ च्या ऑगस्टात ही गाडी कुठं व्हती?" सांगली-कोल्हापूरच्या त्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठं कुठं गेल्या असतील, ही शंका तात्यांच्या मनातून अजून गेलेली नाही. सीट बदलतात, गालिचा बदलतात, पण बेल्टच्या गुंडाळीतला गाळ काढायचं कुणाला सुचत नाही. बेल्ट स्वच्छ निघाला. मालकाचा चेहरा उजळला.

तेवढ्यात तात्यांनी मागची मॅट उचलली, नखानं काहीतरी खरवडलं आणि तळहातावर ठेवून उन्हात धरलं. चिलापीचं खवलं. वाळलेलं, रुपयाच्या निम्मं, चमकणारं.

"डॉक्टर माशांचं का?"

गाडी भिगवणच्या मासळी बाजाराला जात होती. मागचं सीट काढून बर्फाचे खोके ठेवायचे. बर्फाचं पाणी झिरपून तळाचा पत्रा कुजला होता. मालकानं कबूल केलं आणि, खरं सांगतो, त्यानंतर तो जास्त आवडायला लागला. पण तात्यांची तपासणी तिथंही संपत नाही. गाडी का विकताय, हे ते तीनदा विचारतात : एकदा मालकाला, एकदा शेजाऱ्याला, आणि शेवटी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला. दारात शेंगा फोडत बसलेल्या आजी म्हणाल्या, "जाऊंद्या बाबा एकदाची. निम्मं दूध त्या ग्यारेजवाल्याच्याच घशात गेलं." तात्यांनी आजींना वाकून नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

अशा चार गाड्या झाल्या. माझा जीव मेटाकुटीला आला. पाचवी एका शिक्षकाची, खरोखरच शिक्षकाची, गार, कोरडी, मीटर आणि पॅडलचं रबर सारखंच झिजलेलं. मला वाटलं, सुटलो. तेव्हा कळलं की लोखंड बघणं ही तात्यांची नुसती प्रस्तावना असते. त्यांचा खरा जीव कागदात.

नातीनं मोबाइलवर नंबर टाकून विमा, पीयूसी, चलनं, फायनान्सचा बोजा बघितला. तात्यांनी बुक हातात घेऊन चेसिस नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल घासून ठसा उठवला, मग एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. फायनान्स फिटल्याचं बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म. टीटीचे फॉर्म, म्हणजे २९ दोन प्रती आणि ३०, सगळ्यांवर तिथल्या तिथं सह्या. कोऱ्या फॉर्मवर सही देणाऱ्यालाही ते रागावतात. इसार पाच हजार, तोही पावतीवर. आणि गाडी ताब्यात घेतल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळ. "अकरा वाजून वीस मिनिटं. अकरा एकोणिसापर्यंत काय केलं असंल ते गुरुजींचं, पुढचं तुमचं."

मी म्हणालो, एवढं कशाला, ओळखीचे तर आहेत. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी मोटरसायकल त्यांच्या लक्षात होती. मी ती ओळखीवर विकली, नावावरून उतरवायची राहिली, आणि पुढं दोन वर्षं पुण्यातल्या कुठल्या कुठल्या चौकांतून विनाहेल्मेटची चलनं माझ्या फोनवर येत राहिली. फोटोतला पोरगा मी अजून ओळखत नाही. तात्यांच्या मते मी स्वस्तात सुटलो. ते २०१८ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगतात : गाडी विकली २००७ ला, पुढं तीन-चार हात बदलले, २००९ ला अपघात झाला, आणि भरपाई पडली कुणावर? आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव राहिलं होतं त्याच्यावर. हा निकाल ते रामायणातल्या प्रसंगासारखा सांगतात, आवाज खाली आणून.

या कागदाच्या वेडामागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, परत येताना, पाण्याकडं बघत. ते दहा-बारा वर्षांचे असताना गाव उठलं. १९८० ला धरण पुरं झालं आणि घर, वाडा, चिंचेचं झाड सगळं खाली गेलं. बदल्यात जमीन मिळाली, वडील ती कसायला लागले. सातबाऱ्यावर मात्र कितीतरी वर्षं दुसऱ्याचंच नाव. पीक आपलं, पाणी आपलं, अन् कर्ज काढायला गेलं की जमीन आपली नाही. "हातात आलं म्हंजी आपलं झालं नाय," एवढंच म्हणाले आणि काच वर केली. ती त्यांनी वर केलेली मी पहिल्यांदाच बघितली.

गाडी घेतल्यापासून माझ्या फोनवर रोज सकाळी सात वाजता तात्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. "आज सातवा दिवस," फोन बंद. "आज नववा," फोन बंद. बुक अकलूजहून माझ्या नावानं टपालानं आलं, तेव्हा त्यांनी ते उन्हात धरून माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं मोठ्यानं वाचलं, काना-मात्रा तपासली, आणि मग आमच्या घरी पहिल्यांदा चहा घेतला. दोन कप.

तुम्हाला या बाजूला जुनी गाडी बघायची असेल तर तात्यांना कारखान्याचं बिल निघायच्या आधी गाठा, नंतर सापडत नाहीत. पैसे घेत नाहीत. केळी मात्र त्यांच्याकडून न्यावी लागतील. आणि मालकाला आदल्या रात्री तुम्हीच फोन करा, तात्यांच्या भाषेत तो फार दुखावतो : सकाळी आम्ही येईपर्यंत गाडीला हात लावू नका.