फार सोसलंय त्यानं

परवा मावसभावाचा फोन आला. कुठे आहेस, म्हणाला. मी दवाखान्यातल्या रांगेत होतो. "अरे, आज माझा चौदावा," असं मी म्हणालो आणि पलीकडे शांतता पसरली. मग त्याला रेबीजच्या इंजेक्शनांचं वेळापत्रक समजावून सांगावं लागलं. 0, 3, 7, 14 आणि 28. त्यातला चौदावा दिवस. समोरच्या काकूंचा बाळ चावला, हेही सांगितलं. त्यावर त्याने विचारलं, "किती वर्षांचा आहे? दात आलेत?"

आलेत. तीस आहेत. बाळ हा बोका आहे.

मांजरवाल्या काकू तुमच्याही सोसायटीत असणारच, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. गाऊनवर ओढणी, हातात स्टीलचा डबा, आणि "हळू, हळू, घाबरलाय तो" हे वाक्य, जे कधीही घाबरलेल्या माणसाला उद्देशून नसतं. आमच्या कोथरूडच्या काकूंकडे आधीच तीन मांजरं सुखाने नांदत होती. मनी अकरा वर्षांची, म्हणजे घरातली आजेसासूच. पेढा नारिंगी आणि स्वभावाने सरकारी. चिंगी तीन रंगांची, सदा कपाटावर. अशा घरात गेल्या आषाढात काकूंनी मंडईमागे एका टेम्पोखालून एक भिजलेला बोका उचलून आणला. तोंड हंडीएवढं. एका कानाचं टोक नसबंदीच्या वेळी डॉक्टरांनी खुणेसाठी कापलेलं. दुसऱ्याचं कोणी कापलं ते त्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही. याचं नाव काकूंनी बाळ ठेवलं.

घरात पाऊल टाकताच बाळाने काकांच्या अंगठ्याचा समाचार घेतला. काका कळवळले. काकू म्हणाल्या, "चिडू नका हो. फार सोसलंय त्यानं."

हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नंतर ते जिन्यात घुमायला लागलं. प्लंबरची नडगी फोडली, फार सोसलंय. दूधवाल्याची पिशवी टरकावली, फार सोसलंय. मनीच्या गादीवर धार मारली, तर तो म्हणे आपली ओळख सांगत होता, आणि शिवाय फार सोसलंय. सेक्रेटरी लेखी तक्रार घेऊन वर गेले आणि उजव्या हाताला रुमाल गुंडाळून खाली आले. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. "सोसलंय म्हणे," ते पुटपुटले.

पेढ्याची तर अवस्था बघवत नव्हती. समोरच्या भिंतीवर एक काळा बोका रोज संध्याकाळी येऊन बसे. बाळ खिडकीच्या जाळीतून त्याला बघून फुगायचा, गुरगुरायचा आणि तिथवर पोहोचता येत नाही म्हणून वळून शेजारी झोपलेल्या पेढ्याला बडवायचा. साहेबाने झापलं की घरी येऊन पोरांना धोपटणारी माणसं आपण पाहिली आहेत. पण त्यांच्या बायका निदान खिडकीला जाड कागद चिकटवत बसत नाहीत. काकूंनी चिकटवला.

कारण काकू आता शास्त्रशुद्ध झाल्या होत्या. नव्या मांजराला एकदम इतरांसमोर सोडायचं नाही, हे त्यांना उशिरा कळलं, पण कळल्यावर त्यांनी बाळाला मुलाची बेडरूम दिली. सहा आठवडे दार बंद. त्याच्या अंगावरून फिरवलेला पंचा मनीच्या गादीखाली, मनीचा बाळाच्या खोलीत, म्हणजे भेटीआधी वासाची ओळख. जेवण दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी, म्हणजे पलीकडच्याचा वास आला की पोट भरल्याचं सुख आठवावं. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक जास्त मातीची पेटी. चार मांजरं, पाच पेट्या. काका त्यांतून वाट काढत संडासाला जायचे, आणि तो मात्र एकच.

आणि जेवण! काकूंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं शिरलेलं नाही. आता बाल्कनीत स्वतंत्र शेगडीवर, नाकाला पदर लावून, चिकन उकडतं. कांदा-लसूण मांजरांना विषासारखा, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, तेव्हा तोही नाही. चातुर्मास पाळणारं चिकन मी जगात दुसरीकडे पाहिलेलं नाही.

माझ्या चाव्याकडे येतो. मांजराकडे रोखून बघणं म्हणजे त्याला आव्हान. डोळे सावकाश मिटून उघडले की त्याला भरवसा वाटतो. इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला आहे आणि काकूंनी तो सोसायटीत लागू केला. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात डोळे मिटतोय, कुरिअरवाला मिटतोय. मी विरजण मागायला गेलो होतो. "अरे, बाळाकडे बघून मिट," काकू म्हणाल्या. मी मिटले. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मी डोळे मिटून चावा खाल्ला. पोटरीला. नंतर पंधरा मिनिटं साबणाने जखम धूत मी काकूंच्या मोरीत बसलो असताना बाहेरून आवाज येत होता, "नाही रे राजा, तुला नाही कोणी रागावणार..."

डॉक्टर म्हणाले, दहा दिवस मांजरावर लक्ष ठेवा. लसीकरण झालेलं असलं तरी ठेवा. मी ठेवलं. बाळ ठणठणीत होता. तोही माझ्यावर लक्ष ठेवून होता.

तर त्या चौदाव्या दिवशी दंड चोळत जिना चढताना काकू दारात भेटल्या आणि सवयीने म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस रे, फार..."

आणि माझा तोल गेला. कारण ती बेडरूम मला माहीत होती. काकूंची सून त्या घरात जेमतेम चौदा महिने राहिली. तिला पहिल्याच सकाळी साडेपाचला उठवून अख्ख्या गोतावळ्यासमोर पोहे करायला लावले होते आणि मीठ जास्त झालं हे मलाही जिन्यात कळलं होतं. दार तिने दुपारी तासभर लावलं तर "आमच्याकडे दारं लावत नाहीत" हे ऐकू आलं होतं. कपाटाचे दोन कप्पे तिच्या वाट्याला. जास्तीची पेटी वगैरे काही नाही. शेवटी दोघं वाकडला गेली. तेव्हा काकू सगळ्यांना सांगत होत्या की मुलगी जरा फटकळच आहे, बोचकारल्यासारखं बोलते.

"सहा आठवडे बंद खोली सुनेला दिली असतीत, काकू," मी म्हणालो, "तर ती चावली नसती."

म्हटलं आणि जीभ चावली. काकू डबा हातात धरून उभ्याच. मग एकदम वेगळ्याच, पोरीसारख्या आवाजात म्हणाल्या, "मी आले ना, तेव्हा घरात बारा माणसं. दुसऱ्या दिवशी पहाटे बंबापाशी बसवलं. धूर. मीपण बोचकारायचे रे तेव्हा. सासूबाई म्हणायच्या, माहेरचं वळण." आत बाळ ओरडला. "आले रे," म्हणून त्या गेल्या. विरजण त्यांनी संध्याकाळी स्वतः आणून दिलं, झाकणावर दोन लाडू.

माणूस वाईट नाही हो. माझी बायको माहेरी गेली की माझा डबा त्याच बघतात. आणि टेम्पोखाली पावसात आडवं पडून फिसकारणारा बोका बाहेर काढायला बासष्टाव्या वर्षी मी काही गेलो नसतो. पेढा आणि बाळ आता एका सोफ्यावर झोपतात. मध्ये एक उशी लागते.

रविवारी मुलगा-सून जेवायला आली. दाराशी मीही होतो. काकूंनी आतून ओरडून सांगितलं की काकांनी प्रश्न विचारायचे नाहीत आणि तिला आधी निवांत बसू द्यायचं. मग त्या बाहेर आल्या. सून चप्पल काढत होती. तिने वर पाहिलं, तेव्हा काकूंनी तिच्याकडे बघून डोळे सावकाश मिटले आणि उघडले. सुनेला काहीच कळलं नाही. "आई, डोळ्यांत काही गेलंय का?" तिने विचारलं.

माझा अठ्ठाविसावा शुक्रवारी आहे. मावसभावाला कळवलंय.