पाचवा माणूस

पेपरच्या जिल्हा पानावर, निधनवार्तांच्या शेजारी, ठरावीक दिवसांनी एक चौकोन उगवतो : ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’. लोक पान उलटतात. आम्ही तो चवीने वाचतो.

आधार महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. सोटे, भाले, तलवारी बाळगू नका. ठीक. आमच्याकडे भाला नाही, असता तरी सोसायटीने जिन्यात ठेवू दिला नसता. दगड गोळा करू नका. (रस्त्याच्या कंत्राटदाराने हे कलम फारच मनावर घेतलेलं दिसतं.) शांतता बिघडेल अशा घोषणा, गाणी, वाद्यं, भाषणं, हावभाव आणि नकलाही नकोत. आमच्या प्रचारसभेतून घोषणा, हावभाव नि नकला वजा केल्या तर उरतो फक्त मांडववाल्याचा हिशेब.

मग येते जमावबंदी. पाच किंवा अधिक व्यक्ती एकत्र नकोत. टपरीवर चौघे असतात तोवर गिऱ्हाईक; पाचवा ‘एक कटिंग’ म्हणाला की जमाव! लग्न, अंत्ययात्रा, सहकारी संस्थांच्या सभा यांना बहुधा सूट असते. ही सूट देणाऱ्या साहेबांनी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा पाहिलेली नसावी. पार्किंगचा विषय निघाला की कलम ३७ मधलं भाले-तलवारी सोडून सगळं तिथे हजर असतं.

खरी मौज मुदतीची. सरकारच्या मंजुरीवाचून जमावबंदी १५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी लगाम घातला, राबवणाऱ्यांनी पळवाट काढली : सोळाव्या दिवशी नवा कागद. कारण तेच, ‘आगामी सण-उत्सव, जयंत्या व आंदोलने’. आता यातलं काहीच आगामी नाही, असा पंधरवडा महाराष्ट्राच्या कॅलेंडरात दाखवाच! फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जमावबंदीच्या जुन्या १४४ कलमाखाली असे आदेश पुन्हापुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितलं. ते १४४ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १६३ झालं. आकडा बदलला, साहेबांची सवय कायम.

बाकी आदेश सर्वांना सारखाच लागू असतो. फक्त जेसीबीतून फुलं उधळत भावी मंत्र्यांची मिरवणूक निघते तेव्हा बंदोबस्तातल्या हवालदाराला माणसं मोजायची सवड नसते. मानधनासाठी अंगणवाडी सेविका कलेक्टर कचेरीकडे वळल्या, की त्यातली पाचवी कोण, हे त्याला लांबूनच दिसतं.