बस बघा, काका!

तुमच्याही ओळखीत एक असेलच. मिक्सर घ्यायचा म्हटलं की मोटारीचे वॉट विचारणारा, छत्री दाखवली की काड्या मोजणारा. त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. आमचा जो आहे तो किन्हवली-सरळगाव रस्त्याच्या बाजूला राहतो, शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या हळदी-लग्नांचे व्हिडिओ जोडून देतो आणि मला काका म्हणतो. चूक माझीच. मुलगी अ‍ॅनिमेशन शिकणार होती. तिच्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड कुठलं घालू, एवढंच मी त्याला विचारलं. शहापूरच्या एसटी स्टँडवर, उभ्याउभ्या.

त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. तो बॅग खाली ठेवतो तेव्हा माणसाने पुढची दोन कामं रद्द करावीत.

"३०६० का ४०६०? जुनं आलं २०२१ च्या फेब्रुवारीत, १२ जीबी मेमरी. नवं आलं २०२३ च्या जूनमध्ये. मेमरी किती? ८! दोन वर्षांनी माल आला आणि मेमरी घटली. बरं, ते सोडा. बस बघा, काका, बस!"

मी वळून बघितलं. फलाटावर गाडी नव्हती.

"१९२ ची होती, ती १२८ ची केली!"

बाकावरच्या एक आजी पिशवी सावरत उठल्या. "१२८ कुठली रे बाबा? मुरबाड का?"

बस म्हणजे कार्डाच्या मेमरीपासून चिपपर्यंतचा रस्ता, हे मला त्या दिवशी कळलं. आजींना नाही कळलं, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. १९२ बिटांच्या रस्त्यावरून सेकंदाला ३६० जीबी माल जातो, १२८ च्या रस्त्यावरून २७२. हे सांगताना त्याचा आवाज असा झाला की जणू घरासमोरचा रस्ता कुणी रातोरात अरुंद केला होता. तेव्हापासून स्टँडवर त्याचं नाव 'बसवाला' पडलं. कंडक्टरसुद्धा त्याला तसंच हाक मारतात.

"म्हणजे जुनं घ्यावं," मी निष्कर्ष काढला.

"असं कुठं म्हटलं मी?" तो दुखावला. जुन्यात ३५८४ कोअर, नव्यात ३०७२, तरी गेममध्ये नवं १५-२० टक्के पुढे पळतं. कारण नव्याच्या चिपच्या पोटातच २४ एमबीचं कोठार आहे, जुन्याच्या पोटात ३. गावातच वाण्याचं दुकान असलं की तालुक्याला खेपा कमी पडतात. शिवाय जुनं १७० वॉट खातं, नवं ११५, आणि आपल्याकडे संध्याकाळी पंखासुद्धा विचार करून फिरतो. पण मोठं काम काढलं, मेमरी १२ लागली, तर ८ वालं तिथेच बसलं.

"मग नवं."

"बस बघा ना पण!"

नव्यात आणखी एक करामत आहे. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड आपल्या मनाचं एक चित्र घुसवतं, त्यामुळे गेम गुळगुळीत चालतो आणि आकडा फुगतो. "ग्रामसभेच्या हजेरीसारखं," मी म्हणालो. "सह्या दीडशे, माणसं साठ." त्याने गंभीरपणे विचार केला. "हो, पण कोरम झालेला दिसतो ना."

एकदा त्याला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने दोन खोकी समोर ठेवली. आमच्या बसवाल्याने त्यांवरचं बारीक अक्षर असं वाचलं की लग्नाआधी मुलाकडचे पत्रिकासुद्धा तशी वाचत नाहीत. दुकानदाराने आधी चहा मागवला, मग पंखा बंद केला, शेवटी शटर अर्धं ओढलं. दादरहून कसारा लोकल पकडली आणि रिकाम्या हाताने आसनगावला उतरलो. वाटेत तो खुशीत होता. कार्ड न घेता आल्याचा आनंद मी आयुष्यात प्रथमच बघत होतो.

हे घराण्यातच आहे म्हणतात. पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा भरली की त्याच्या आजोबांना लोक बोलावून न्यायचे. बैलाचा जबडा उघडून दोन दाती की चार दाती, वशिंड, खूर, पाठ, सगळं बघून ते निकाल द्यायचे आणि रुमालाखाली दुसऱ्याच्या सौद्याची बोटं धरायचे. डांगी बैल पावसात कसा टिकतो यावर तर त्यांचं तासभर चालायचं. स्वतःच्या गोठ्यात एकच बैल. नांगराला दुसरा शेजाऱ्याचा.

असं करता करता २०२५ चा मे उजाडला आणि ५०६० आलं. मेमरी परत ८. मी फोन केला तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं घरात कुणी गेलं. मग हळू आवाज आला, "काका, बस परत १२८." मेमरीच नव्या जातीची असल्यामुळे त्याच अरुंद रस्त्यावरून आता सेकंदाला ४४८ जीबी जातात, हेही त्यानेच सांगितलं, पण सांत्वन करणाऱ्या पाहुण्याला 'हो हो' म्हणावं, तसं. मुलगी तोवर कॉलेजच्या मशीनवर पहिलं वर्ष पास झाली होती.

त्याच मे महिन्यात, भाचीच्या हळदीचा व्हिडिओ आणायला, मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. कॉम्प्युटरचं झाकण उघडंच होतं. आत कार्डाची जागा रिकामी, नुसती धूळ. "रात्री लावून झोपतो," तो म्हणाला. "मध्ये लाइट गेली तर पहिल्यापासून."

"आणि तुझं कार्ड?"

"पैसे जमवले होते. बोअरला गेले." ३०० फूट खणलं, धूळ निघाली. "शेजारी २८० लाच लागलं बघा," तो म्हणाला. "आकडा मोठा असला म्हणजे माल चांगला, असं नसतं."

बाहेर गलका झाला. त्याने दोन हंडे उचलले, तिसरा मी घेतला, नको म्हणाला तरी. वाटेत तो मोजत होता. "भातसा आपल्या तालुक्यात. तानसा आपल्या तालुक्यात, १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय. मोडकसागर आपल्याच तालुक्यात. म्हणजे मेमरी भरपूर, काका. पण बस बघा."

मी वळून बघितलं. या वेळी गाडी होती. टँकरचा पाइप विहिरीत सोडला होता आणि कठड्याभोवती बायका दोर घेऊन उभ्या होत्या.

"हा १० हजार लिटरचा," तो हंडा खाली ठेवत म्हणाला. "परवाचा १२ चा होता. पण त्याचा पाइप..."