डॉक घेऊन अहमदाबादला

हातात धरून खेळायचे गेमिंग यंत्र प्रवासासाठीच बनवलेले असते. त्याचा अ‍ॅडॉप्टर आणि टीव्हीला जोडायचा डॉक मात्र अट्टल घरकोंबडे. निन्टेन्डो स्विचचेच पाहावे. २०१७ मध्ये आलेल्या या यंत्राने खास पिनेचा जुना हट्ट सोडून यूएसबी-सी पत्करले. भोक मोबाइलचेच; पण त्यातून किती वीज जायची, ते चार्जर आणि यंत्र आपसांत ठरवतात. ५ व्होल्टच्या साध्या मोबाइल चार्जरवर स्विच चार्ज होतो, पण मोठा खेळ लावला तर चार्ज होता होताच उतरत जातो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. २०२२ चा स्टीम डेक ४५ वॅटचा चार्जर मागतो आणि कमी मिळाले की पडद्यावर तसे सुनावतो. सहप्रवासी म्हणून तोच बरा.

भारतात स्विच अधिकृतपणे विकला जात नाही. तो कोणाच्या तरी मावसभावाच्या बॅगेतून येतो. मावसभाव कुठे असतो ते प्लगवरून कळते: तीन जाड चौकोनी पिना म्हणजे दुबई, दोन चपट्या म्हणजे अमेरिका किंवा जपान.

रेल्वेच्या डब्यातल्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात. अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० छापलेले असल्याने त्याची तक्रार नसते. तक्रार सॉकेटची. हजारो प्लग सोसून ते इतके सैल झालेले असते की सांधा आला की जड अ‍ॅडॉप्टर मान टाकतो. त्याला खालून पाण्याच्या बाटलीचा टेकू द्यावा लागतो, आणि समोरच्या काकूंना नेमकी तेव्हाच तहान लागते. शिवाय आगीचा धोका नको म्हणून पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ पासून रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगची वीज बंद ठेवायला सुरुवात केली. पहिल्या स्विचची बॅटरी खेळाप्रमाणे अडीच ते साडेसहा तास चालते. मुंबई-अहमदाबादच्या रात्रीच्या गाडीत अकराला मोठा खेळ काढणाऱ्याला पहाटेपर्यंत पुरण्याची आशा नसते.

खरी परीक्षा हॉटेलात. डॉकला १५ व्होल्ट लागतात. ते नसतील तर यंत्र चार्ज होईल, पण टीव्हीवर चित्र उमटणार नाही. म्हणजे मूळ अ‍ॅडॉप्टर घरी राहिला की डॉक म्हणजे नुसता स्टँड. अ‍ॅडॉप्टर आणलाच, तर टीव्ही भिंतीला असा चिकटवलेला असतो की एचडीएमआयचे भोक बोटांनी चाचपत शोधावे लागते. सापडते, तेव्हा त्यात सेट टॉप बॉक्सची वायर असते. ती उपटली की कळते, रिमोटवरून सोर्स बदलण्याची सोय हॉटेलने बंद करून ठेवली आहे. मग मॅनेजर येतो, त्याचा रिमोट येतो, दोन वेटर टीव्हीला हातभार लावतात, आणि सगळ्यांना सासबहूची मालिका दिसू लागते.

खिशात मावणारे त्रयस्थ डॉक मिळतात, पण मार्च २०१८ च्या ५.० या अपडेटनंतर अशा काही डॉकवर स्विच कायमचे बंद पडल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून अशा यंत्रांनाही यूएसबी-सी सक्तीचे केले. सक्ती चार्जिंगपुरती, डॉकचे ज्याचे त्याने पाहावे. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ला पहिल्या स्विचचा डॉक चालत नाही. २०१९ चा स्विच लाइट तेवढा या यातायातीतून सुटला. त्याला टीव्हीला जोडताच येत नाही.