रेनाटो आणि काकूंची शिडी

काकूंच्या आणि आमच्या परसाच्या मधली भिंत छातीएवढी आहे. म्हणजे माझ्या छातीएवढी. काकूंना तिच्यावरून बोलायचं तर पलीकडं बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहावं लागतं. बादली ठेवल्याचा आवाज आला की समजायचं, तास गेला. काकू पंच्याहत्तरीच्या. त्यांचे यजमान एकेकाळी पेठेच्या संघाचे गोलकीपर. कुठल्या पेठेच्या ते सांगत नाही, नाहीतर कोल्हापूरचे निम्मे वाचक इथंच पान उलटतील.

रविवारी सकाळी मी पायरीवर बसून मोबाईल बघत होतो, तेवढ्यात बादली वाजली.

"अवधूत, माझी शिडी कधी देणार हाईस?"

"उद्या आणून देतो, काकू."

"गौरी-गणपतीला नेलीस. दसरा झाला. मधली पायरी हलाय लागल्याली दिसतीया हितनं."

हलत होती खरी. त्यांच्या घरी असताना हलत नव्हती का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

"आणि एकटाच कुणाला हसालायंस?"

विषय बदलायची ही संधी होती. मी उठून मोबाईल भिंतीवर ठेवला. जुनीच क्लिप. २०१७ चा नोव्हेंबर, लंडनचं स्टॅमफर्ड ब्रिज मैदान, चेल्सी आणि स्वान्सीचा सामना. स्वान्सीचा एक जटावाला पोरगा चेंडू घेतो, मान वर करतो आणि कडेला मस्त जोरात पास देतो. तिथं कुणीच नाही. आहे ती जाहिरातीची पाटी, आणि पाटीवर एका कंपनीचं चिन्ह. चेंडू सरळ त्या चिन्हाकडं. पोरानं पाटीला आपला गडी समजून पास दिला, असं सगळ्या जगानं ठरवलं आणि रात्रभर हसलं.

काकूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. दोनदा बघितलं. हसल्या नाहीत.

"ह्यो त्योच न्हवं? युरो कपातला? रोनाल्डोच्या तोंडावर पाकोळी बसल्याली, त्या म्याचमधला?"

बाईची स्मरणशक्ती! १० जुलै २०१६, पॅरिसजवळच्या सेंट डेनिसची फायनल, पोर्तुगाल विरुद्ध फ्रान्स. आपल्याकडं रात्रीचे साडेबारा वाजलेले. मैदानभर पतंग उडत होते, आणि दुखापतीनं खाली बसलेल्या रोनाल्डोच्या रडक्या चेहऱ्यावर त्यातला एक येऊन बसला होता. काकूंच्या घरी टीव्ही मोठा, म्हणून गल्लीतली आम्ही आठदहा जणं तिथंच होतो. काका तेव्हा होते.

"तोच काकू. रेनाटो सांचेस. तेव्हा अठरा वर्षांचा होता."

"अठरा?" काकूंनी भुवई उचलली. "ह्यांनी तवाच म्हटल्यालं, ह्यो अठराचा न्हाई. मांड्या बघ त्याच्या."

हा संशय एकट्या काकांचा नव्हता. पोराच्या जन्माची नोंद काही वर्षं उशिरा झाली होती, आणि तेवढ्यावरून पोर्तुगालात विरोधी क्लबवाल्यांनी त्याच्या वयाचा धुरळा उठवला होता. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला यायचा. हेडमास्तरांनी एका दिवसात जन्माला घातलेली सगळी. गरिबाच्या पोराचा दाखला उशिरा होतो, त्याला काय करणार? हा लिस्बनच्या मुस्गेरा नावाच्या गरीब वस्तीतला. बेन्फिकानं तिथल्या छोट्या क्लबकडून त्याला उचलला तेव्हा बदल्यात साडेसातशे युरो आणि २५ फुटबॉल दिले, असं सांगतात.

"पंचवीस बॉल?" काकूंना हा सौदा पटला. "चांगलं की. आमच्याकडं हार आणि नारळ द्यायचे."

पुढचं सगळं एका वर्षात झालं. २०१५ च्या ऑक्टोबरात बेन्फिकाच्या मोठ्या संघात पहिल्यांदा उतरला. डिसेंबरात अकादेमिकाविरुद्ध लांबून असा गोल हाणला की त्या एका फटक्यावर त्याचं नाव युरोपभर झालं. मे महिन्यात बायर्न म्युनिकनं साडेतीन कोटी युरो रोख मोजून त्याला घेतलं. वरच्या अटी पुऱ्या झाल्या तर रक्कम आठ कोटींपर्यंत जायची होती. जुलैमध्ये युरो कप, स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू तोच, आणि त्याच वर्षी युरोपातल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूचा 'गोल्डन बॉय' किताबही त्यालाच.

"आणि मग?"

"मग म्युनिकला बाकावर बसला."

पहिल्या हंगामात लीगच्या १७ सामन्यांत उतरला, त्यातही बहुतेकदा उशिरा, बदली म्हणून. गोल एकही नाही. मधल्या फळीत त्याच्या पुढं मोठमोठी माणसं होती, आणि अँचेलोटीसारखा प्रशिक्षक त्यांना बसवून ह्याला शिकवत बसणार नव्हता. मग २०१७ च्या ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी, खेळाडूंचा बाजार बंद व्हायच्या घाईत, त्याला वर्षभरासाठी स्वान्सीला लोनवर दिलं. मालकी म्युनिकचीच, कपडे स्वान्सीचे.

"स्वान्सी कुठं आलं?"

"वेल्सला. समुद्रकाठी. ब्रिटनमधल्या सगळ्यात पावसाळी शहरांत मोडतं."

"म्हंजे गगनबावडा."

"गगनबावडाच. फक्त ह्या गगनबावड्यात तेव्हा प्रीमियर लीगचा क्लब."

काकूंनी खालनं कोथिंबिरीची जुडी वर घेतली आणि भिंतीवर निवडायला सुरुवात केली. म्हणजे तास नाही, दीड तास.

आता मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. लोक त्या पाटीला हसतात, पण तो ज्या घरात गेला ते घर बघत नाहीत. स्वान्सीनं त्याच उन्हाळ्यात आपला सगळ्यात चांगला खेळाडू सिगुर्डसन एव्हर्टनला विकला. रेनाटो आला त्याच दिवशी गोल करणारा लोरेंटे टॉटनहॅमला गेला. म्हणजे घराच्या तुळया काढून विकल्या आणि त्या जागी शेजारच्याचं झुंबर आणून टांगलं. वर आख्ख्या गावाला बोलावून दाखवलं, बघा, आमच्याकडं गोल्डन बॉय. पहिल्या सामन्याला, न्यूकॅसलविरुद्ध, सगळं मैदान त्याच्याकडं बघत होतं. सामना हरले. त्यानं पास चुकवले. चुकला म्हणून बिचकला, बिचकला म्हणून परत चुकला. पोहायला शिकणाऱ्या पोरासारखं, पाणी नाकात गेलं की हातपाय जास्तच मारायचे.

"प्रशिक्षक काय करत हुता?"

इथंच तर गंमत आहे. प्रशिक्षक पॉल क्लेमेंट. हा काही महिन्यांपूर्वीपर्यंत म्युनिकलाच अँचेलोटीच्या हाताखाली होता. रेनाटो त्याच्या डोळ्यासमोरचा. ओळखीचा माणूस म्हणूनच पोरगा तिकडं जायला तयार झाला असणार. पण पोरगं आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त खचलेलं आहे, हे क्लेमेंटला ते हातात आल्यावर कळलं, आणि तसं त्यानं बोलूनही दाखवलं. तोवर त्याच्या स्वतःच्या खुर्चीखाली जाळ लागला होता. २० डिसेंबरला क्लब तळाशी असताना त्याला काढलं. आठवड्याभरानं कार्व्हालाल आला, तो तर पोर्तुगीजच. म्हटलं आता पोराशी त्याच्या भाषेत बोलणारा आला. तर जानेवारीअखेर नॉट्स काउंटीविरुद्धच्या कपच्या सामन्यात मांडीचा स्नायू गेला.

"संपलं?"

"संपलं. लीगचे १२ सामने. गोल शून्य. मे महिन्यात स्वान्सी खालच्या विभागात घसरली. आणि पोर्तुगालच्या २०१८ च्या विश्वचषकाच्या यादीत ह्याचं नाव नाही. दोन वर्षांपूर्वी कप उचलणारा पोरगा घरात बसून टीव्ही बघतोय."

काकू थोडा वेळ गप्प होत्या. कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

"तू समदा दोष स्वान्सीवर टाकालायंस," त्या म्हणाल्या. "पण देणारा सुटला की तुझ्यातनं. म्युनिकवाल्यांनी एवढा पैका मोजून आणला, वर्षभर माळ्यावर ठेवला, आणि गंजला तवा शेजाऱ्याला दिला, घासून आण म्हणून. शेजाऱ्याच्या हातात बोट कापलं तर बोंब शेजाऱ्याची."

मला हे सुचलं नव्हतं. गोलकीपरची बायको. गोल झाला की बचावफळीला शिव्या देण्यात चाळीस वर्षं गेली त्यांची.

"पण काकू, लोननं कितीतरी पोरं घडतात. खेळायला मिळतं."

"मिळतं की. पण उसना पोरगा म्हंजे बघ, आजारी पडला तर औषध कुणी द्यायचं हेच ठरत न्हाई. खेळला तर वर्षानं त्यो जाणार, म्हून हे जीव लावत न्हाईत. न्हाई खेळला तर ते म्हणणार, बरं झालं दिला." मग आवाज खाली आणून, "आपल्याकडं न्हाईत का येत, बाहेरनं? सीझनला आणत्यात, तालमीच्या खोलीवर ठेवत्यात. पहिल्या म्याचला गोल मारला तर खांद्यावर. दोन म्याच गोल न्हाई तर जेवणाचा डबा पण उशिरा."

एका नायजेरियन पोराला त्या स्वतः भाकरी पाठवायच्या, मला माहीत आहे. कुठल्या संघाचा होता ते विचारू नका. आमच्या नव्हता, आणि त्यावरून काकांनी दोन दिवस अबोला धरला होता.

मोठ्या क्लबांचं लोन प्रकरण इतकं वाढलं होतं की चेल्सीसारखा क्लब एका वेळी तीसचाळीस खेळाडू बाहेर ठेवायचा. शेवटी फिफानं २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा घातली. आधी आठ, मग सात, आता सहा. त्यात स्वतःच घडवलेल्या लहान वयाच्या पोरांना सूट आहे. काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीत पण लावा की मर्यादा. शिडी, पुरणयंत्र, खलबत्ता, समदं बाहेरच असतंय माझं."

मी घाईनं पुढं गेलो.

"पण काकू, एडर आठवतो? फायनलला गोल मारलेला?"

"त्यो उंच? शेवटी आल्याला?"

"तोच. ७९ व्या मिनिटाला आत आला. कुणाच्या जागी आला ठाऊक आहे? ह्या रेनाटोच्याच. आणि १०९ व्या मिनिटाला त्यानं गोल मारला. आता ऐका. हा एडर त्याच्या आदल्या वर्षी कुठं होता? स्वान्सीला! तिथं एकही गोल नाही. लोक त्यालाही हसत होते. मग स्वान्सीनं त्याला फ्रान्सच्या लील क्लबला उसना दिला, तिथं सावरला आणि तिथनं येऊन कप जिंकून दिला."

काकूंच्या हातातली काडी हातातच राहिली. "आणि ह्यो?"

"हा आधी म्युनिकला परत गेला. २०१८ च्या सप्टेंबरात चॅम्पियन्स लीगचा सामना बेन्फिकाच्याच मैदानावर. आपल्याच जुन्या घराविरुद्ध ह्यानं गोल मारला, आनंद केला नाही, उलट हात वर करून माफी मागितली. आणि बेन्फिकाचे लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. आपल्याविरुद्ध गोल मारणाऱ्याला!"

"आपल्या शाहू स्टेडियमवर?" काकूंनी विचारलं.

"तोबा तोबा."

दोघंही त्यावर बराच वेळ हसलो. मग मी सांगितलं की पुढच्याच वर्षी म्युनिकनं त्याला विकला आणि तो गेला कुठं, तर लीललाच. उसना नाही, विकत. त्यांनी सुमारे दोन कोटी युरो मोजले. आणि २०२०-२१ मध्ये पॅरिसवाल्यांना एका गुणानं मागं टाकून लील फ्रान्सचं चॅम्पियन झालं, त्यात हा होता.

"स्वतःच्या घरात खेळला," काकू म्हणाल्या, एवढंच.

गोष्ट इथं थांबवली असती तर काकू खूश होऊन बादलीवरून उतरल्या असत्या. पण गप्पांत खोटं बोलायचं तर निदान काकूंशी नाही. २०२२ ला पॅरिसनं त्याला घेतलं, तिथं मांड्यांनी दगा दिला. मग पुन्हा लोन, रोमला. पुन्हा दुखणं. मग पुन्हा लोन, आणि तेही कुठं, तर बेन्फिकाला, जिथं वाढला तिथंच पाहुणा म्हणून. तिथंही जास्त काळ दवाखान्यातच.

"शरीर साथ देत न्हाई, त्याला स्वान्सी काय करणार आणि म्युनिक काय करणार," काकू म्हणाल्या. "तुझं आणि माझं दोघांचं चुकलं म्हणायचं मग."

"तसं नाही काकू, त्या वयात जर..."

"मी फायनलच्या रात्री मधी उठलो चहा ठेवायला, तवा ह्यो बाहेर येत हुता," त्या मध्येच म्हणाल्या. (आमच्याकडं बायका 'उठलो-गेलो'च म्हणतात, कुणी व्याकरण काढू नये.) "हे म्हणाले, बस अगं, पोरगं दमलंय, पण त्याचं तोंड बघ, अजून खेळायचंय त्याला. चहा राहिला. आता कुठं हाय त्यो?"

"ग्रीसला. पानाथिनायकोस."

"इकत?"

"नाही. उसनाच."

काकूंनी निवडलेली कोथिंबीर पदरात गोळा केली, काड्या आमच्याच बाजूला टाकल्या आणि उतरायला एक पाय खाली सोडला. मग थांबल्या. माझ्यामागं भिंतीला टेकलेल्या शिडीकडं बघितलं.

"राहू दे ती तुझ्याकडंच," त्या म्हणाल्या. "पण पायरी बसवून घे. उद्या न्हाई. आज."